सोनी एरिक्सन एक्सपेरिया मिनी प्रो: बांधावर उभं राहून लिहिता येणारा फोन

परवा कपाटाचा खालचा कप्पा आवरताना जुन्या चार्जरांच्या गुंत्यात हा फोन सापडला. हातात घेतला आणि काही विचार करायच्या आत अंगठ्याने स्क्रीन बाजूला सरकवली, टक् असा आवाज आला आणि खालून कीबोर्ड बाहेर. बॅटरी केव्हाचीच मेलेली, स्क्रीन काळीठिक्कर, तरी दोन्ही अंगठे आपापल्या जागेवर जाऊन बसले, डावा ए वर, उजवा एल वर. मधे एवढी वर्षं गेली पण बोटं काही विसरली नाहीत. मग म्हटलं याच्याबद्दल एकदा नीट बसून लिहायचंच, कारण या फोनवर मराठीत कुणी मनापासून लिहिलेलं माझ्या तरी वाचनात आलेलं नाही, आणि कमी पैशातल्या कीबोर्डवाल्या स्मार्टफोनांची सगळी जातच आता बाजारातून गेली.

तर हा सोनी एरिक्सनचा एक्सपेरिया मिनी प्रो, मॉडेल एसके१७आय, २०११ चा. त्याच्या आधी २०१० मध्ये एक्स१० मिनी प्रो म्हणून आलेला, तो अजून बारका, २.५५ इंची स्क्रीन आणि ६०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, अँड्रॉइड १.६ वर आला आणि २.१ वर जाऊन थांबला. २०११ वाल्यात मात्र कंपनीने बरंच काही सुधारलं, ३ इंची स्क्रीन, १ गिगाहर्ट्झचा स्नॅपड्रॅगन, ५१२ एमबी रॅम, ५ मेगापिक्सेलचा कॅमेरा, पुढे एक छोटा कॅमेरा, थ्रीजी, वायफाय, जीपीएस, आणि वर अँड्रॉइड २.३ म्हणजे जिंजरब्रेड. मला तो पंधरा हजाराच्या आत पडला. तेव्हा गॅलेक्सी एस टू तीस हजाराच्या वर होता, म्हणजे आपल्यासारख्याने लांबूनच बघायचा. एक गिगाहर्ट्झ आणि कीबोर्ड दोन्ही या किमतीत, हे मला त्या वेळी दुसरीकडे कुठं दिसलं नाही.

मला कीबोर्डच का पाहिजे होता ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं सगळं उगाच कौतुक वाटेल. मी तेव्हा ठिबक सिंचनाच्या धंद्यात फिल्डवर होतो. सांगोला, मंगळवेढा, खाली आटपाडीपर्यंत, रोज मोटरसायकलवर ऐंशी-शंभर किलोमीटर, दिवसाला सात-आठ बागा, बहुतेक डाळिंबाच्या. प्रत्येक बागेत काय बघितलं, किती एकर, कुठला बहार धरलाय, लॅटरल (झाडापर्यंत पाणी नेणारी बारीक नळी) कुठे चोकअप झालीय, व्हेंच्युरी (पाण्यातून खत सोडायचं साधन) चालतीय का, तेल्या (तेलकट डाग पाडणारा रोग) दिसला का, हे सगळं लिहून संध्याकाळी ऑफिसला पाठवायचं. आधी डायरीत लिहायचो. डायरी घामाने आणि पाण्याने भिजायची, रात्री लॉजवर बसून तेच सगळं परत टाइप करायचं, तोपर्यंत सकाळच्या दोन बागा डोक्यात एकमेकींत मिसळून गेलेल्या असायच्या. कुणाच्या विहिरीला पाणी कमी आणि कुणाची मोटर जळाली हेच उलटंपालटं व्हायचं. त्यामुळे जिथं बघितलं तिथंच लिहून मोकळं व्हायचं, एवढी एकच गरज होती.

२०११ ची दिवाळी. धनत्रयोदशीला सोलापुरात नवी पेठेत गेलो, ज्यांना माहिती आहे त्यांना माहिती आहे, तिथं मोबाईलच्या दुकानांची नुसती रांग आहे. काउंटरवर तीन-चार फोन काढून ठेवायला लावले. ब्लॅकबेरी कर्व्ह ८५२० होता, कीबोर्ड एक नंबर, पण थ्रीजी नाही आणि त्याचं मेल चालवायला दर महिन्याला वेगळा प्लॅन मारावा लागायचा. गॅलेक्सी वाय होता, स्वस्त आणि छान, पण सगळा टच आणि टच पण एवढ्याशा स्क्रीनवर, माझी बोटं जाड, एका वेळी दोन अक्षरं दाबली जायची. नोकिया ई५ होता, मजबूत, बॅटरी दणदणीत, पण मला अँड्रॉइड पाहिजे होतं. शेवटी हा मिनी प्रो बाहेर काढला. दुकानदाराच्या टेबलावर पाण्याची बाटली होती, तिच्यात बोट ओलं केलं आणि आधी गॅलेक्सीवर टाइप करून बघितलं, काहीच्या काही उमटलं. मग तसंच ओलं बोट या फोनच्या बटणांवर, आणि जे दाबलं ते आलं. दुकानदार म्हणाला, ‘साहेब, पावसात वापरणार का काय?’ मी म्हटलं फवारणीच्या पाण्यात. सौदा झाला.

आणि गंमत बघा, २४ ला फोन घेतला आणि २७ ऑक्टोबरला, पाडव्याच्याच दिवशी, बातमी आली की सोनी एरिक्सनमधला एरिक्सनचा अर्धा हिस्सा सोनी विकत घेणार, १.०५ अब्ज युरोला. पाडव्याला घरी जमलेल्या पाहुण्यांत एकाने छातीठोकपणे सांगितलं की कंपनीच गेली म्हणजे आता फोन पण गेला, पार्ट मिळणार नाहीत, अपडेट येणार नाही. दोन दिवस मला खरंच झोप नीट लागली नाही, पंधरा हजार ही तेव्हा माझी जवळपास महिन्याची कमाई. पण तसं काही झालं नाही, अपडेटही आलं, त्याचं पुढे सांगतो.

आता कीबोर्ड. फोन आडवा धरायचा, दोन्ही अंगठे स्क्रीनच्या खालच्या काठावर, हलकं वर ढकलायचं, अर्ध्यापर्यंत तुम्ही ढकलायचं, अर्ध्यानंतर आतली स्प्रिंग स्वतःच ओढून घेते आणि टक्. चार ओळी. प्रत्येक बटण वेगळं, एकमेकांना चिकटलेलं नाही, मधे बारीकशी फट, आणि वरचा भाग किंचित फुगीर. या फुगवट्यामुळेच अंगठ्याला न बघता कळतं की आपण बटणाच्या मधोमध आहोत की काठावर. दाबल्यावर खाली जाण्याचं अंतर जास्त नाही, पण दाबलं गेलं हे अंगठ्याला स्पष्ट कळतं. उजव्या हाताला बाणाची बटणं, त्यामुळे एखादं अक्षर चुकलं तर स्क्रीनवर बोट ठेवून कर्सर शोधत बसायला नको, दोनदा डावा बाण आणि दुरुस्त. आकड्यांची वेगळी ओळ नाही, ते वरच्या ओळीच्या अक्षरांवरच छापलेत, त्यासाठी एक बटण आधी दाबावं लागतं. माझ्या कामात आकडे फार, एकर, लिटर, रोपांची संख्या, त्यामुळे सुरुवातीला हे जड गेलं. पण पंधरा दिवसांत डाव्या अंगठ्याला सवय लागली. अंधारात बटणांच्या खालून दिवा लागतो, रात्रीच्या एसटीत शेजारच्याची झोप न मोडता लिहिता येतं.

या फोनने मला जे दिलं ते अमुक शब्द प्रति मिनिट वगैरे नाही. मी लिहिताना समोरच्या माणसाकडे बघू शकत होतो, ते दिलं. हे मी मुद्दाम सांगतोय कारण फोनच्या रिव्ह्यूमध्ये हे कुणी लिहीत नाही. एक आण्णा होते, वयाने सत्तरीच्या आसपास, दोन एकर भगवा जातीचं डाळिंब, माण नदीच्या अलीकडे. त्यांना बागेत फिरत फिरत बोलायची सवय. एका झाडापाशी थांबायचे, फांदी हातात धरायचे, आणि त्या झाडाचा सगळा इतिहास सांगायचे, कुठल्या साली कुजलं, कुठल्या साली कलम बदललं. मी डायरी वापरायचो तेव्हा मान खाली घालून लिहायला लागलो की आण्णा बोलायचे थांबायचे, लिहून झालं का बघायचे, आणि मग धागा तुटलेला असायचा. हा फोन घेतल्यावर मी फोन पोटापाशी धरायचो, नजर आण्णांकडे, अंगठे खाली चाललेत. त्यांना पहिल्या दिवशी कळलंच नाही की मी लिहितोय. दुसऱ्या वेळी कळलं, म्हणाले, ‘साहेब, तुमचं बोट न बघता चालतंय की, आमच्या म्हातारीच्या भाकरीसारखं.’ त्या दिवशीच्या नोंदीत त्यांनी सांगितलेल्या अशा गोष्टी आहेत की डायरीत कधीच आल्या नसत्या, उत्तरेकडच्या तीन ओळींना पाणी उशिरा पोचतं कारण मेनलाइनला तिथं चढ आहे, वगैरे. दाब कमी पडण्याचं कारण नेमकं तेच निघालं. टचवर मी आज दहा वर्षं टाइप करतोय, पण न बघता एक ओळ सरळ लिहिता येत नाही, कारण काचेवर बोटाला काही सांगणारं नाही.

एक छोटी सोय सांगायची राहिली, होमस्क्रीनवर असताना कीबोर्ड सरकवला की मेसेज, मेल असल्या लिहायच्या ॲपची यादी आपोआप समोर येते. दिवसातून वीस वेळा उघडणाऱ्याला त्याची किंमत कळते. आणि होमस्क्रीनच्या चार कोपऱ्यांत चार कप्पे, प्रत्येकात चार आयकॉन टाकता येतात. मी डाव्या खालच्या कोपऱ्यात फोन, मेसेज, नोट्स आणि कॅमेरा ठेवलेले. एवढ्या बारक्या स्क्रीनवर एका अंगठ्याने सगळं हाताशी यायचं, ही रचना ज्याने केली त्याने फोन खरंच एका हातात धरून बघितला असणार.

साईज म्हणाल तर ९२ मिलिमीटर लांब आणि ५३ रुंद, म्हणजे तळहातात मावतो, पण जाडी १८ मिलिमीटर. वजन १३६ ग्रॅम. शर्टाच्या खिशात टाकला की खिसा खाली ओढला जातो आणि वाकलं की बाहेर पडतो, माझा दोनदा पडला, एकदा तर फर्टिगेशनच्या, म्हणजे ठिबकमधून द्यायच्या खताच्या टाकीच्या काठावर. त्यानंतर मी पँटच्या खिशातच ठेवायला लागलो.

कॅमेरा मला अपेक्षेपेक्षा बराच चांगला वाटला. ऑटोफोकस आहे, बाजूला कॅमेऱ्याचं वेगळं बटण आहे, अर्धं दाबलं की फोकस, पूर्ण दाबलं की फोटो, अगदी खऱ्या कॅमेऱ्यासारखं. तेल्याचा डाग सुरुवातीला पानावर टाचणीच्या डोक्याएवढा असतो, तेलकट, पान उन्हाकडे धरलं की कडेने पिवळट दिसतो. तो डाग फोटोत येणं महत्त्वाचं, नाहीतर ऑफिसात बसलेल्याला सांगून पटत नाही. डाव्या हातात पान, उजव्या हातात फोन, बटण अर्धं दाबून जरा थांबायचं, डाग स्पष्ट. शिवाय जीपीएस चालू असेल तर फोटोला जागा चिकटते, त्यामुळे कुठल्या बागेचा फोटो हा वाद मिटला. व्हिडिओ ७२०पी. मोटरचा आवाज रेकॉर्ड करून मी दोन-तीनदा मेकॅनिकला पाठवलाय, त्याने आवाजावरून बेअरिंग ओळखलं. संध्याकाळच्या कमी उजेडात मात्र फोटोत दाणे यायचे, तेव्हाच्या या किमतीच्या सगळ्याच फोनची तीच गत.

मराठीचं दुखणं वेगळंच. जिंजरब्रेडमध्ये देवनागरीचा फॉन्टच नव्हता. मराठी पेपरची साईट उघडली की नुसत्या चौकोनांच्या रांगा. ज्यांनी त्या काळात अँड्रॉइड वापरलाय त्यांना तो उपाय आठवत असेल, ऑपेरा मिनी टाकायचा, पत्त्याच्या जागी ऑपेरा कोलन कॉन्फिग टाइप करायचं, आणि अगदी खाली जाऊन कॉम्प्लेक्स स्क्रिप्टसाठी बिटमॅप फॉन्टचा पर्याय चालू करायचा. मग मराठी अक्षरं चित्रासारखी उमटायची. डेटा जरा जास्त खायचं, पण सकाळी एसटी स्टँडवर चहा पिताना पेपर वाचता यायचा. लिहायचं मात्र इंग्रजी अक्षरांतच. आणि इंग्रजी अक्षरांतल्या मराठीने मला एकदा चांगलंच अडचणीत आणलं. एका बागेचा रिपोर्ट पाठवला की कळी भरपूर निघालीय, म्हणजे आनंदाची बातमी, फळांचं सेटिंग चांगलं होणार. ऑफिसात ते काळी म्हणून वाचलं गेलं. फळं काळी पडलीत असं समजून तिकडून फोनावर फोन, आणि मी आटपाडीच्या घाटात रेंजच्या बाहेर. संध्याकाळी रेंजमध्ये आलो तर अकरा मिस्ड कॉल. तेव्हापासून कळीला मी बड लिहायला लागलो. ळ आणि ल, काल आणि काळ, सगळं एकाच स्पेलिंगमध्ये कोंबायचं म्हणजे अर्थ वाचणाऱ्याच्या हवाली.

मेमरी हा या फोनचा सगळ्यात मोठा कमकुवतपणा. फोनची स्वतःची मेमरी नावाला १ जीबी, वापरायला मिळते त्यातली साधारण ३२० एमबी. फोटो-गाणी कार्डवर जातात, ३२ जीबीपर्यंतचं कार्ड चालतं, पण ॲपसाठी जागा एवढीच. काही ॲप सेटिंगमधून कार्डवर ढकलता येतात, पण ज्यांना विजेट आहे ती आतच ठेवावी लागतात. व्हॉट्सॲप, जीमेल, मॅप, ऑपेरा, नोट्स आणि एक हवामानाचं ॲप, बास, एवढ्यावर संसार. नवीन काही टाकायचं तर जुनं काहीतरी काढायचं. गेम खेळणाऱ्याला हा फोन मी तेव्हाही घे म्हणालो नसतो.

बॅटरी १२०० एमएएच, ईपी५०० नावाची. हीच बॅटरी कंपनीच्या इतर काही मॉडेलनाही बसायची, व्हिवाझला वगैरे, त्यामुळे मिळायला अडचण नव्हती. जीपीएस आणि डेटा दोन्ही चालू ठेवलं तर दुपारी दोन-तीनलाच लाल. पण मागचं झाकण नखाने निघतं, बॅटरी बाहेर, दुसरी आत, अर्ध्या मिनिटात फोन परत शंभर टक्क्यांवर. मी कायम एक जास्तीची बॅटरी पाकिटात घेऊन फिरायचो. त्या दिवसांत गावात लाईट कधी असेल आणि कधी नसेल याचा नेम नव्हता, रात्री आठ तास शेतीपंपाला आणि दिवसा लोडशेडिंग, मग चार्जिंग कुठं करणार? खिशातल्या बॅटरीचा आधार वाटायचा. आताचे फोन सीलबंद असतात, पॉवरबँक लावून वायर लोंबकळत हिंडावं लागतं, हे मला आजही पटत नाही.

लाईटवरून ते अपडेटचं सांगतो. २०१२ च्या उन्हाळ्यात आईस्क्रीम सँडविच म्हणजे अँड्रॉइड ४.० या मॉडेलला आलं, फोनवर थेट नाही, कॉम्प्युटरला जोडून कंपनीच्या पीसी कम्पॅनियन या सॉफ्टवेअरमधून घ्यायचं. कंपनीने तेव्हा मोकळेपणाने सांगितलं होतं की नवीन व्हर्जन रॅम जास्त खातं, ज्यांना स्पीड महत्त्वाचा आहे त्यांनी जुन्यावरच राहिलं तरी चालेल. मला देवनागरी पाहिजे होती म्हणून मी ते केलंच. मेव्हण्याच्या डेस्कटॉपवर लावलं, अर्धं झालं, आणि लाईट गेली. यूपीएस नव्हता. कॉम्प्युटर बंद, फोनवर काही उमटेना, बटणं दाबा, बॅटरी काढून घाला, काही नाही. रात्रीचे नऊ वाजलेले, दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला निघायचं, त्या फोनमध्ये सगळे नंबर. लाईट साडेअकराला आली. त्याच सॉफ्टवेअरमध्ये फोन दुरुस्त करायचा पर्याय असतो, एक बटण दाबून धरून केबल जोडायची आणि ते सगळं नव्याने उतरवून टाकतं. तोपर्यंत मेव्हणा माझ्यासोबत जागा. पहाटे अडीचला फोन चालू झाला, आतलं सगळं पुसलेलं, पण नंबर जीमेलमध्ये होते ते हळूहळू परत आले. आणि पहिल्यांदा मराठी पेपरची साईट फोनच्या साध्या ब्राउझरमध्ये उघडली, चौकोनांच्या जागी अक्षरं. आम्ही दोघांनी त्या वेळी परत चहा केला. मेव्हण्याने दुसऱ्या आठवड्यात यूपीएस घेतला.

नव्या व्हर्जनवर फोन जरा जड झाला हे खरं. कीबोर्ड उघडल्यावर स्क्रीन आडवी व्हायला आधी झटक्यात व्हायचं, आता श्वासभर थांबावं लागायचं. अंगठे टाइप करायला लागलेले आणि स्क्रीन अजून वळतीय, पहिली दोन अक्षरं हवेत. तरी मराठी दिसत होती म्हणून मी परत मागे गेलो नाही. पुढे वॉरंटी संपल्यावर एका पोराने याच्यावर सायनोजेनमॉड, म्हणजे हौशी लोकांनी बनवलेलं अँड्रॉइड, टाकून दिलं. सोनी एरिक्सनने २०११ च्या एक्सपेरियांचे बूटलोडर (फोन सुरू करणारं कुलूपबंद सॉफ्टवेअर) अनलॉक करायची सोय स्वतःच अधिकृतपणे दिली होती, त्यामुळे या फोनांसाठी रॉम, म्हणजे असली बदली सॉफ्टवेअर, बनवणारे बरेच होते. आणि या मॉडेलचं त्यातलं नाव काय तर मँगो! मला ते फार आवडलं, डाळिंबाच्या माणसाच्या खिशात आंबा.

धुळीचं लिहिलं नाही तर रिव्ह्यू अर्धवट राहील. सरकणाऱ्या फोनला फट असतेच, आणि फटीत माती जातेच. २०१२-१३ चा दुष्काळ ज्यांनी सांगोल्यात काढला त्यांना त्या धुळीचं सांगायला नको. जनावरं छावण्यांत, बागा टँकरवर, रस्त्यावर पिठासारखी माती. त्या वर्षी मी रोज बागेत जायचो ते लॅटरल विकायला नाही, टँकरच्या पाण्यात झाडामागे किती लिटर देऊन बाग नुसती जिवंत ठेवता येईल हे बसवून द्यायला. फोनच्या सरकपट्टीत माती जाऊन आधी टक् आवाज कमी झाला, मग सरकवताना करकर, आणि मार्चमध्ये ई चं बटण अडकायला लागलं, एकदा दाबलं की तीन ई. मराठी इंग्रजीत लिहिताना ई शिवाय ओळ पुढं जात नाही. यात फोनचा दोष मी धरत नाही, त्याला असल्या मातीत रोज उघडायचा असं कुणी ठरवलं नव्हतं. मी मऊ ब्रश आणि हवा मारायचा रबरी पंप घेऊन दर रविवारी साफ करायला लागलो. सोलापुरातल्या एका रिपेअरवाल्याने खोलून आत साफ केलं आणि स्क्रीनला जोडणारी स्ट्रिप बदलली, त्यानंतर अजून दीड वर्ष चालला. पण ज्याचं काम धुळीतलं आहे त्याने हे धरूनच चालावं, की ओल्या हाताला हा फोन राजा आहे आणि कोरड्या मातीला कच्चा.

गोळाबेरीज करून स्टार वगैरे द्यायची मला सवय नाही, पण सरळ विचारलंत तर लिहिण्यासाठी याच्या तोडीचा फोन मी आजवर वापरलेला नाही, आणि साठवण्यासाठी याच्याएवढा तोकडा फोनही फार नाही.

आता काहीजण विचारतील की जुन्या बाजारात दिसला तर घ्यावा का. रोजच्या वापराला नाही. व्हॉट्सॲपने १ नोव्हेंबर २०२१ पासून अँड्रॉइड ४.१ च्या खालचे फोन सोडून दिलेत, आणि कंपनीचं शेवटचं अपडेट ४.०.४ वरच आहे. जिंजरब्रेडवरचा असेल तर गुगलचं खातंही आता उघडत नाही. जिओचं सिम याला चालणार नाही, कारण जिओकडे टूजी-थ्रीजी काहीच नाही. पण बोलणं, एसएमएस, आणि कुठेही न जोडता नुसत्या नोंदी लिहायला आजही मस्त चालतो. मी परवा चौकातल्या दुकानातून ईपी५०० च्या मापाची नवी बॅटरी आणून घातली, चालू झाला, आणि नोट्समध्ये मार्च २०१३ ची यादी तशीच होती, कुठल्या बागेला कितव्या दिवशी टँकर, आण्णांचं नाव तिसऱ्या ओळीत, झाडामागे आठ लिटर, आठवड्यातून दोनदा. त्यांची बाग त्या वर्षी वाचली.

घेणारच असाल तर दुकानात आधी बॅटरी काढून बघा फुगलीय का, मग चालू करून एक मोठा मेसेज लिहा, प्रत्येक बटण एकदा तरी दाबलं गेलं पाहिजे, ई आणि स्पेस तर दहा-दहा वेळा. शेवटी स्क्रीन पूर्ण उजेडावर ठेवून हळूहळू सरकवा आणि अर्ध्यावर थांबवा. तिथं स्क्रीन लुकलुकली तर स्ट्रिप गेलेली आहे, पैसे कमी करून मागा नाहीतर ठेवून द्या.